देवखारची दारफळणी

“माफ केलं म्हण, की झालं,” बिनयामीन मुकादम म्हणाले.

“नाही म्हणत,” मी म्हटलं.

मुकादम रस्त्यात होते आणि मी आमच्या दारात. उभे होते असं तरी कसं म्हणू, चालता चालता अडकले होते. आमच्या घरापुढं ते कधी थांबतच नसत. एक पाय पुढं टाकलेला, काठी उचललेली आणि तोंड माझ्याकडं वळलेलं. त्यांच्यामागं जमातीतले चार-पाच बाप्ये होते, त्यांचीही तीच गत.

“काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले. तुम्ही माफी मागितलीत, मी नाही म्हणाले. ऐकू आलं नसलं तर पुन्हा म्हणते.”

घरातून बाबांचा आवाज आला, “माफ, मुकादम, माफ! आम्हांलाही माफ करा!” बाबा मागल्या पडवीत अंघोळीचं पाणी काढत होते. मुकादमांचा शब्दही त्यांच्या कानावर पडला नव्हता. दरवर्षी या वेळेला आळीतून काठीचा आवाज आला की ते जिथं असतील तिथून हे ओरडायचे. सवयच ती.

“झालं तर,” मुकादम म्हणाले. “हनोखनं माफ केलं.”

“त्यांनी त्यांच्यापुरतं केलं. माझं माझ्याकडं आहे.”

आता तुम्हांला फोडून सांगायला हवं, नाहीतर म्हणाल ही बाई उगाच कशाला भांडत सुटली. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. कोकणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर देवखार गाव, तिथं आमची इस्राएल आळी. गावातले लोक आम्हांला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असायचे. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणायचो. सणांची नावंही आमची आम्हीच ठेवलेली. वर्षाच्या सुरुवातीला नव्याचा सण, आणि मग दहा दिवसांत दारफळणी.

दारफळणी म्हणजे न्यायाचा दिवस. त्या दिवशी देव सगळ्या जगाचा न्याय करतो. राजाला सोडत नाही, रंकाला सोडत नाही. आम्ही पांढरे कपडे घालून, तोंडात पाण्याचा थेंब न घेता, दिवसभर मशिदीत असायचो. सूर्य बुडाला की त्याच्या दरबाराची दारं लागायची. देवखारला तर खरंखुरं दारही लावत. दुपार कलली की मशिदीच्या दाराला आतून अडसर पडायचा, तो संध्याकाळी शिंग फुंकल्यावरच निघायचा. तोवर आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही.

पण यात एक मेख आहे. देवाचं काही चुकवलं असेल तर देव माफ करतो. माणसाचं चुकवलं असेल तर ते देवाच्याही हातात नाही. ज्याचं त्याच्याकडं जाऊन मागावं लागतं. म्हणून आदल्या दिवशी मुकादम, म्हणजे जमातीचे प्रमुख, सगळ्यांच्या वतीनं आळीतून फिरायचे. दारोदार म्हणायचे, ‘वर्षभरात आमच्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा.’ घरातून उत्तर यायचं, ‘माफ, माफ, आम्हांलाही माफ करा.’ पहिल्या घरांच्या ओट्यावर ते बसायचे, सरबत घ्यायचे. शेवटच्या दोन घरांपुढं मात्र पाय न थांबवता, रस्त्यातूनच म्हणायचे. त्या दोन घरांतलं एक आमचं.

का, तर आम्ही काळे इस्राएल. कातडीशी काही संबंध नाही हं याचा. माझे बाबा सायीसारखे गोरे आणि बिनयामीन मुकादम तव्याच्या बुडासारखे. तरी मुकादम गोरे आणि बाबा काळे. बाबांच्या पणजोबांनी एका आगऱ्याच्या मुलीशी संसार मांडला होता. पणजोबा गेले, पणजी गेली, आगर समुद्रानं गिळलं, पण आमचा डाग काही जाईना. मशिदीत आम्ही शेवटच्या बाकावर. वर बायकांच्या माडीवर मीही मागं, जिन्याच्या तोंडाशी. आणि हात आमच्यापर्यंत यायचा नाही.

हात म्हणजे असं. प्रार्थनेत एक वेळ येते तेव्हा पुढचा वडीलधारा माणूस शेजाऱ्यापुढं दोन्ही हात करतो. शेजारी ते आपल्या हातांत घेतो, मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. मग तो पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. असा हात सगळ्या मशिदीत फिरतो. शांती फिरते म्हणायचं. देवखारात ही शांती शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत यायची आणि तिथं तिला काम आठवायचं.

बाबा साठीच्या पुढं गेले होते. छातीत कळ यायची. ‘पुढल्या दारफळणीला मी असेन-नसेन,’ असं ते अलीकडं सहज म्हणायचे. जन्मापासून त्या मशिदीत जाणारा माणूस, आणि एकदाही त्याच्या हातात हात आला नव्हता. मला एवढंच हवं होतं. एकदा, त्यांच्या जिवात जीव आहे तोवर, त्यांच्या हातात हात यावा.

तसं मी आणखी काही वर्षं गप्प बसलेही असते. पण नव्याच्या सणाला जे झालं ते मी माडीवरून पाहिलं.

टपाल खात्यात दानिएल नावाचा एक कारकून मुंबईहून बदलून आला होता. आमच्यातलाच, पण देवखारच्या चालीरीती त्याला कुठून ठाऊक. उशिरा आला आणि दिसली ती जागा धरून बसला, बाबांच्या शेजारी. हात फिरत फिरत आला. पुढच्या बाकावरच्यानं दानिएलला दिला. दानिएलनं बोटं ओठांना लावली आणि सरळ बाबांकडं वळला. बाबा आधी बघतच राहिले. मग गडबडीनं उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

तेवढ्यात पुढून मुकादम ओरडले, “अहो साहेब! तुमची जागा तिकडं नाही. इकडं या, इकडं!” त्यांच्या माणसानं येऊन दानिएलला दंडाला धरून पुढं नेलं. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. बाबांचे हात तसेच पुढं राहिले. मग त्यांनी ते आपल्या दाढीवरून फिरवले, जणू त्याचसाठी उचलले होते.

त्या दाढीवरून फिरलेल्या हातांनी माझं डोकं फिरलं. म्हणून दारफळणीच्या आदल्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि नाही म्हणाले.

मुकादमांनी काठी टेकवली. “हज्जान,” ते मागं वळून म्हणाले, “हिला समजावा.”

हसकेल हज्जान आमची प्रार्थना चालवायचे. बाहेरगावचा माणूस, पोटापुरत्या पगारावर ठेवलेला, आवाज गोड आणि स्वभाव सशाचा. ते खाली बघत म्हणाले, “समजावण्यासारखं नाही, मुकादम. शास्त्र असं आहे की दुखावलेल्यानं माफ केल्याशिवाय ते सुटत नाही. तीनदा विचारायचं. तीनदा विचारूनही नाही म्हणाली, तर मग पाप तिच्या माथी. तोवर तुमच्या.”

“माझ्या?”

“जमातीच्या. म्हणजे तुमच्या.”

“एका काळ्या पोरीच्या शब्दावर सगळ्या जमातीचा उपास अडतो?”

“शास्त्रात काळी-गोरी असं लिहिलेलं नाही,” हज्जान पुटपुटले आणि आपण फार बोललो असं वाटून दोन पावलं मागं सरले.

“एक झालं,” मुकादम मला म्हणाले आणि निघून गेले.

बाबा ओल्या अंगानंच बाहेर आले. मी झालं ते सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीला टेकून बसले.

“तुला कुणी सांगितलं होतं गं? मी कधी तक्रार केली?”

“तेच तर. तुम्ही केली नाही म्हणून मी करते.”

“न्याय करणारा वर बसलाय, दिबू. आपण कोण?”

“तो वर बसलाय, पण तो हात धरायला खाली येणार आहे का? ते काम मुकादमाचं.”

“माझं आयुष्य शांततेत गेलं,” बाबा म्हणाले, “आणि शेवटाला तू कलागत लावलीस.” त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझं नाव त्यांनीच हौसेनं दिबोरा ठेवलेलं, जुन्या काळी इस्राएलांचा न्यायनिवाडा करणाऱ्या बाईचं. त्याची आठवण करून देण्याची माझ्या जिभेला खाज सुटली होती, पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसले.

दुपारी रिबकाबाई आल्या. मुकादमांची आई. पंचाहत्तरीची बाई, पण चालली की आळी वाट सोडायची. वाडग्यात खीर झाकून आणली होती. आमच्या घरात मात्र आल्या नाहीत, ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

“पोरी, उपासाच्या आधी खा,” त्या म्हणाल्या. “आणि हा हट्ट सोड. मी दुसऱ्यांदा विचारते असं समज. माफ कर आणि मोकळी हो.”

“खीर ठेवा, रिबकाबाई. माफीचं नाही जमणार.”

“तुझं लग्न व्हायचंय अजून. असल्या जिभेच्या मुलीला कोण करून घेईल?”

“जीभ नसलेल्या काळीला तरी तुम्ही कुठं करून घेताय?”

त्यांनी ओठ आवळले. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “हे बघ, बाई माझे. चांगलं-वाईट बघायला देव आहे. तो सगळ्या जगाचा न्याय करतो, सरळ करतो. त्याच्या दिवशी आपण मधे तोंड घालू नये.”

“अब्राहामबापानं घातलं की,” मी म्हटलं. “देव सदोम जाळायला निघाला तर हा वाटेत उभा. तोंडावर विचारलं त्याला, सगळ्या जगाचा न्याय करणारा तू, तूच उफराटं करणार का? देव रागावला नाही त्याला. उत्तर देत बसला. देवाला विचारलेलं चालतं आणि तुमच्या मुलाला विचारलेलं चालत नाही?”

“अगो बाई! आपण काय अब्राहामबापा?”

“लेकरं त्याचीच ना? का तेही फक्त तुम्ही?”

मला थांबायला हवं होतं, पण जिभेला एकदा उतार मिळाला की माझं मलाच आवरत नाही. मी म्हटलं, “तुमच्या सुनेची बाळंतपणं माझ्या आईनं केली. तुमच्या नातवंडांना पहिला हात लागला तो तिचा. तेव्हा तिचे हात चालले. मग माडीवर एकदा तरी तिचा हात धरलात? तुमच्यामागं जिन्याशी बसून बसून मेली ती. आता मी बसते.”

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. वाडगं ओट्यावर ठेवलं, पदर सावरला आणि गेली. खीर बाबांनी खाल्ली नाही. मी खाल्ली. खिरीशी माझं भांडण नव्हतं.

दारफळणीचा दिवस उजाडला. सगळी आळी पांढऱ्या कपड्यांत मशिदीत जमली. माडीवर बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. एकीनं मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हटलं, “हिच्यापायी आपला सगळ्यांचा उपास फुकट.” मी म्हटलं, “फुकट जात असेल तर पाणी पी.” तिनं तोंड फिरवलं.

खाली बाबा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेले. दर प्रार्थनेला सगळ्यांबरोबर छातीवर मूठ मारायचे. त्या दिवशी आम्ही पापांची एकेक करून नावं घेतो. आम्ही खोटं बोललो, आम्ही लुबाडलं, आम्ही चहाडी केली. प्रत्येक नावाला छातीवर एक मूठ. बाबांनी जन्मात कुणाला लुबाडलं नव्हतं, पण मूठ मात्र सगळ्यांत जोरात त्यांची.

दुपार कलली. शम्माशानं, म्हणजे मशिदीच्या सेवेकऱ्यानं, दाराला अडसर घातला. ऊन खिडक्यांवरून चढत चढत आढ्याला गेलं. लहान पोरं आयांच्या मांडीवर कोमेजली. मग शेवटच्या प्रार्थनेची वेळ झाली. हसकेल हज्जानांनी पडदा बाजूला केला आणि शास्त्राच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, आमचं हेखाल, उघडलं. हेखाल उघडं असलं की सगळ्यांनी उभं राहायचं. सगळे उठले.

मुकादम मात्र आपल्या जागी थांबले नाहीत. मधल्या वाटेनं चालत माडीखाली आले आणि त्यांनी मान वर केली.

“दिबोरा हनोख! जमातीच्या वतीनं तिसऱ्यांदा विचारतो. आमच्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर.”

मी कठड्याशी आले. “काय चुकलं?”

“जे काही असेल ते.”

“त्याला नाव नाही? सकाळपासून एकेक पापाचं नाव घेऊन छाती बडवताय. याचं तेवढं नाव घ्यायला जीभ जड होते?”

“उत्तर दे. हो का नाही?”

“माझ्या बाबांचा हात धरा. मी माफ म्हणते. मोठ्यानं म्हणते.”

“ते आपल्या रीतीत नाही.”

“मग माझंही नाही.”

मुकादमांनी श्वास सोडला. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं. ते हज्जानांकडं वळले. “तीन झाले?”

“झाले,” हज्जान म्हणाले.

“आता पाप कुणाच्या माथी?”

हज्जानांनी माझ्याकडं पाहिलं, मग पायाकडं. “नाही म्हणणाऱ्याच्या.”

“चला तर. पुढं चालवा.”

माझ्या आजूबाजूच्या बायका एकेक पाऊल बाजूला सरल्या. खरं सांगते, मी हरले होते. शास्त्राचा आधार धरून उभी राहिले आणि शास्त्रानंच मला कोपऱ्यात घातलं. रडू येत होतं, आणि ते सगळं रागाचं होतं. मला देवाचा राग आला. त्याच्या नावानं, त्याच्या दारात, त्याच्याच दिवशी हे चाललं होतं आणि तो बघत होता. मनात म्हटलं, हाच का तुझा सरळ न्याय?

“जरा थांबा, हज्जान.”

बाबांचा आवाज होता. ते बाकातून बाहेर येऊन मधल्या वाटेत उभे होते.

“मुकादम, तीनदा तिला विचारलंत. मला कधी विचारलंत?”

मुकादम हसले. “तुला काय विचारायचं? तू तर कालच माफ म्हणालास. माझ्या कानांनी ऐकलं.”

“म्हणालो. तुम्ही विचारायच्या आधीच म्हणालो. जन्मभर तसंच म्हणत आलो. तुम्ही थांबून विचाराल याची वाट बघत बसायची लाज वाटायची, म्हणून आधीच ओरडून मोकळा व्हायचो.” बाबांना धाप लागली. त्यांनी बाकाचा कोपरा धरला. “आज वाट बघतो. विचारा.”

“हनोख, सूर्य बुडतोय.”

“बुडू दे.”

हेखाल उघडं होतं, दार लावलेलं होतं. हसकेल हज्जान सगळ्यांसमोर उभे होते. त्या सशाच्या काळजाच्या माणसानं हेखालाच्या दारावरचा हात काढून घेतला आणि तो म्हणाला, “विचारावं लागेल, मुकादम. त्याशिवाय मला हेखाल लावता येणार नाही, शिंगही फुंकता येणार नाही.”

मुकादम चालत शेवटच्या बाकापाशी आले. उभ्या जन्मात ते तिथवर आले नव्हते.

“हनोख, माफ कर.”

“नाही,” बाबा म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. खाली कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं.

मुकादमांनी ओठांवरून जीभ फिरवली. “हनोखभाऊ, माफ करा.”

“कशाबद्दल?”

खिडकीबाहेर उजेड पिवळा झाला होता. एक पोरगं पाणी मागून रडायला लागलं, आईनं त्याचं तोंड दाबलं. मुकादम नुसते उभे. मी कठड्यावरून वाकून बघत होते आणि मनात म्हणत होते, राहा उभा, राहा असाच.

तेवढ्यात माडीच्या पुढच्या बाजूनं रिबकाबाई कडाडल्या. “बिनयामीन! बोलून टाक की! तुझ्या आज्यानं तेच केलं, तुझ्या बापानं तेच केलं, मी इथं बसून तेच केलं. तुझ्याबरोबर माझंही सुटू दे!”

मुकादमांनी आईकडं पाहिलं. मग बाबांकडं पाहिलं. आवाज अगदी खाली आला, पण मशिदीत इतकी शांतता होती की माडीवर शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“तुमच्या पणजीवरून तुम्हांला मागं बसवलं. हात दिला नाही. नव्याच्या सणाला तुमच्यापुढून माणूस उठवून नेला. तो मीच नेला. माफ करा.” आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

बाबांनी ते धरले. लगेच. मी डोळा लववला तेवढ्यात त्यांची बोटं ओठांना लागलीसुद्धा. मग ते शेजाऱ्याकडं वळले. त्या बाकावर आमच्यातलेच तिघे-चौघे, त्यांना हात कसा घ्यायचा तेही धड जमेना, एकाचा डावा एकाचा उजवा. मग हात पुढच्या बाकावर गेला. जन्मात पहिल्यांदा तो मागून पुढं चालला होता. कुणी नीट घेतला, कुणी तापलेल्या भांड्यासारखा झटकन पुढं ढकलला. एकजण हात कपड्यात लपवून उभा होता, त्याला शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं. पळायला वाट नव्हती. ज्यानं त्यानं आपापल्या जागी, उघड्या हेखालापुढं ठरवायचं होतं. आणि मला तेव्हा समजलं, सकाळपासून ज्या न्यायाची प्रार्थना चालली होती तो कधीच सुरू झाला होता, बाकामागून बाक.

माडीवर रिबकाबाई बायकांमधून वाट काढत जिन्याशी आल्या. हात पुढं करून म्हणाल्या, “तुझ्या आईला देता आला नाही. तू घे.” मी घेतला. मुकादमांना कबूल केलं होतं, म्हणून कठड्यावरून ओरडले, “माफ!” एवढ्या मोठ्यानं, की खाली हज्जान दचकले. मग त्यांनी शिंग उचललं.

शिंग वाजलं, अडसर निघाला आणि सगळे आपापल्या घराकडं पाण्याला धावले. मी आणि बाबा सावकाश निघालो. घरी पोचल्यावर बाबा अर्धा तांब्या पाणी प्यायले आणि ओट्यावर बसले. मी खांबाला टेकून उभी. मला राहवेना.

“बाबा, लगेच कशाला धरलात त्याचे हात? थोडं तरी ताटकळत ठेवायचं होतं.”

कालच्या भांडणानंतर ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “तहान लागली होती गं.”

“बाबा!”

“खरंच. मला लागली होती, त्याला लागली होती, ती म्हातारी, ती पोरं. दार लावलेलं. मी नाही म्हणालो ना, तेव्हा सगळं गाव माझ्या मुठीत आलं. घटकाभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या पोराचं रडणं ऐकलं आणि ती मूठ धरवेना मला.” त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्यापुढं केलं. “एका आळीचा न्याय घटकाभर हातात आला तर ही दशा. ज्याला सगळ्या जगाचा करावा लागतो, त्याचं कसं होत असेल?”

मी पाणी प्यायले.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. मयतीला सगळी आळी आली, मुकादमांनी खांदा दिला. आता मुकादमही नाहीत, रिबकाबाई तर कधीच गेल्या, आळीतली माणसं पांगली. मी ठाण्याला असते. दारफळणीच्या संध्याकाळी बाबांचं ते बोलणं आठवतं, आणि पटतंही. देवावरचा माझा रागही त्या दिवसापासून थोडा उतरला.

पण मुकादमाला थोडं तरी ताटकळत ठेवायलाच हवं होतं.